चोवीस मिठांचं ताट

कृती

हातमोजे चढवले, माझ्या स्टुलावर बसलो आणि टेबलावर ठेवलेला ब्लॉक अर्धा वळसा देऊन माझ्याकडे फिरवला.

पाच वाजत आले होते. गौरी-गणपतीच्या सुट्टीचा आदला दिवस. रसायनशास्त्र विभागाचा वरचा मजला दुपारपासूनच ओस पडला होता. धूर ओढणारा पंखा तेवढा घुमत होता. जिन्याखालून सुतारमामांचा आवाज आला. मामा आमचे शिपाई.

"वर कोण हाय का अजून?"

"मी आहे मामा. गिराम."

"म्हंजे कुणीच नाही," मामा म्हणाले. "जाताना मागच्या दाराला कडी घाला."

समोरचं स्टूल रिकामं होतं. त्यावर प्रमिलाचा पांढरा कोट टाकलेला होता, एक बाही जमिनीला टेकलेली. मी उठून ती वर घेतली. मग पुन्हा बसलो.

साहित्य

टेफ्लॉनचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, एक. त्याला आरपार चोवीस भोकं, चार ओळी, दर ओळीत सहा. खालून साधी काच घट्ट आवळली की भोकांचे चोवीस छोटे हौद होतात. वर्कशॉपमधल्या कारागिरानं तो इतका सुबक करून दिला होता की कुठल्याही अंगानं सारखाच दिसे. "खुणेसाठी एक कोपरा कापून देतो पुढच्या वेळी," तो म्हणाला होता. ती पुढची वेळ आली नाही. आम्ही मार्करनं कडेला ए, बी, सी, डी लिहिलं. पहिल्याच धुण्यात अल्कोहोलनं अक्षरं नेली. पुन्हा लिहिली, पुन्हा गेली. मग नाद सोडला.

मीठ, चोवीस प्रकारचं. हे जरा सांगायला हवं. आपलं स्वयंपाकातलं मीठ वितळवायचं तर भट्टी लागते. पण काही मिठं अशी बनवता येतात की ती खोलीतल्या उबेलाच पातळ राहतात. बाटली कलती केली की काकवीसारखी ओघळतात. त्यांना वाफ नाही, जवळजवळ वासही नाही. अशा मिठात एक विशिष्ट रसायन मिसळून वर लोखंडाचा क्षार घातला की तळाशी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा धरतो आणि त्या प्लास्टिकमधून वीज वाहते. कुठल्या मिठात पापुद्रा चांगला धरेल, हे मात्र करून बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही. अशी मिठं शेकड्यांनी बनतात. एकेक तपासायचं तर माणूस म्हातारा होईल. म्हणून चोवीस एकदम. चार तासांत चोवीस उत्तरं. कल्पना आमच्या देवस्थळी सरांची.

माणसं, दोन. उद्धव गिराम, परभणीचा, म्हणजे मी. आणि प्रमिला शिगवण, खेडच्या पलीकडच्या एका वाडीतली. पहिल्या बारा बाटल्या तिनं बनवलेल्या, त्यांवर प्र-१ ते प्र-१२ अशी चिकटपट्टी. पुढच्या बारा माझ्या, उ-१ ते उ-१२. ए आणि बी या ओळी तिच्या, सी आणि डी माझ्या.

ती भरायची, मी मोजायचो. तिचा हात असा होता की थेंब काठाला शिवत नसे. टेबल अरुंद, म्हणून आम्ही समोरासमोर बसायचो. ती तिच्या बाजूनं भरायची, ए-एक तिच्या डाव्या हाताला. चोवीस भरून झाले की दोन्ही हातांनी ब्लॉक धरायची आणि हलकेच फिरवून माझ्यासमोर ठेवायची, म्हणजे ए-एक माझ्या डाव्या हाताला यायचा.

पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा मी म्हटलं, "राहू दे की. मी उलटं वाचून घेईन."

"आमच्याकडं वाढलेलं ताट जेवणाऱ्याच्या बाजूनं लावून ठेवतात. मीठ वर, भात त्याच्या हाताशी. तुमच्या परभणीत काय, लांबून भिरकावतात?"

"आमच्यात एकाच ताटात सगळे भाऊ हात घालतात. बाजू कुणाची धरणार?"

"तरीच असा जेवतोस," ती म्हणाली आणि ब्लॉक बोटभर पुढं सरकवला. "घ्या परभणीकर. चोवीस मिठांचं ताट. बाकी काही मागू नका."

तेव्हापासून तो रिवाजच झाला. भरून झालं की ती ब्लॉक फिरवणार, मी "अन्नदात्री सुखी भव" म्हणणार, ती "आधी आकडे काढ" म्हणणार. कितीतरी ब्लॉक आम्ही असे नुसत्या सरावाला केले; लोखंड किती घालायचं, वेळ किती द्यायचा हे ठरवायला. चोवीसही मिठं एकत्र घेतलेला हा पहिलाच ब्लॉक.

आणि बहुधा शेवटचा. कारण साहित्यात आणखी एक गोष्ट होती. आमच्या दोघांच्या शिष्यवृत्त्या त्याच महिन्यात संपत होत्या आणि विद्यापीठानं वर्षभराची मुदतवाढ एकालाच मंजूर केली होती. दुसऱ्यानं घरी जायचं. सरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मी निवडणार नाही. माझ्याच्यानं ते होणार नाही. ज्याचं मीठ चालेल, तो राहील. सोमवारी कमिटी आहे."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर प्रमिला म्हणाली होती, "बरं झालं. माणसानं निवडलं असतं तर मी रडले असते. मिठानं निवडलं तर काय बोलणार?"

त्या दिवशी सकाळपासून खाली बीएस्सीचं प्रॅक्टिकल माझ्या गळ्यात होतं. तिला दीडची खेडची गाडी धरायची होती. गौरी यायच्या होत्या, घरात आणायला तिच्याशिवाय कुणी बाई उरली नव्हती. ठरलं असं की तिनं दुपारी ब्लॉक भरून जायचं, चार तासांनी मी येऊन उघडायचा.

निरीक्षणे

ब्लॉक सोडवला. काच अल्कोहोलनं धुतली, वाऱ्यावर वाळवली. काचेवर चोवीस गोल उमटले होते. चार सुयांचं मोजयंत्र जवळ ओढलं. सुया गोलावर टेकायच्या, वीज किती वाहते तो आकडा वाचायचा, लिहायचा.

ए-एक, काही नाही. ए-दोन, काही नाही. ए-तीन, धुतानाच निघून गेला. ए-चार, दोन. ए-पाच, काही नाही. ए-सहा, एक.

बी-एक, काही नाही. बी-दोन, काही नाही. बी-तीन, तीन. बी-चार, काही नाही. बी-पाच, काही नाही. बी-सहा, काही नाही.

इथं मी थांबलो. प्रमिलाच्या दोन्ही ओळी संपल्या होत्या. खिडकीतून मैदान दिसत होतं, त्यात एकही माणूस नव्हता. मला आनंद झाला नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

सी-एक, काही नाही. सी-दोन, काही नाही. सी-तीन, दोन.

सी-चार.

एकशे बेचाळीस.

सुया उचलल्या, पुन्हा टेकल्या. एकशे एकेचाळीस. काच उजेडात धरली. बाकीचे गोल राखेसारखे, फाटके. हा एक मोराच्या मानेसारखा काळानिळा, काठोकाठ भरलेला.

अनुमान

उ-४ चालतं.

सरांना खालच्या फोनवरून कळवलं. ते एवढंच म्हणाले, "फार छान. दोनदा वाचलंस ना?" वाचलं होतं.

मग ही गोष्ट आणखी कुणाला तरी सांगावीशी वाटली. परभणीला घरी फोन नव्हता. खानावळ सुट्टीमुळं बंद होती. सुतारमामा सायकलला कुलूप काढत होते, त्यांना म्हणालो, "मामा, माझं मीठ चाललं."

"चालणारच की," मामा म्हणाले. "मीठ कुणाचं अडलंय?"

खोलीवर जाऊन बिस्किटाचा पुडा खाल्ला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा निघाला होता, आणि तो ज्या एका माणसाला कळला असता ते घाटाखाली गौरींच्या तयारीत होतं.

कृती, पुढे

प्रमिला आठव्या दिवशी आली. हातात घावनांचा डबा होता. तो टेबलावर ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारायच्या आधीच तिला कळलं असावं, कारण ती थेट काचेकडं वळली. काच मी कापसात ठेवली होती. तिनं ती दोन बोटांत धरली, उजेडाकडं केली.

"हे कुठलं?"

"सी-चार. उ-चार."

"आकडा?"

"एकशे बेचाळीस."

"बापरे." हे ती मनापासून म्हणाली. मग काच खाली न ठेवता तिनं विचारलं, "माझ्या बारांतलं एकही नाही?"

"बी-तीन. तीन आलाय."

"तीन." ती जराशी हसली. "तीन म्हणजे काय रे, तीन तर दोरीसुद्धा देईल."

मी काचेचा कापूस घडी करायला लागलो.

"गिराम, एकदा पुन्हा करूया का? आज भरते. संध्याकाळपर्यंत कळेल."

"कमिटीला गेलंय सगळं. सोमवारीच झालं."

"कमिटीसाठी नाही. माझं माझ्यासाठी. एवढी बाराच्या बारा मरतात म्हणजे माझं भरताना काहीतरी चुकलं असणार. की सुकवताना चुकलं? मला नुसतं बघायचंय."

"काच संपलीय," मी म्हणालो.

ब्लॉकच्या मापाच्या काचा मुंबईहून कापून यायच्या, यायला तीन आठवडे लागायचे. माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांतल्या दोन शिल्लक होत्या.

"हं," प्रमिला म्हणाली. तिनं कोट घडी करून पिशवीत टाकला. घावनांचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला, उघडी बाजू माझ्याकडं करून. "खा. नारळाचा रस पण आहे. उद्या आंबेल."

महिन्याअखेरीस तिनं खोली सोडली. नोंदवही नियमाप्रमाणं सरांच्या कपाटात जमा केली. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात तिला तपासणीचं काम मिळालं होतं. घरून जाऊन-येऊन होण्यासारखं. स्टँडवर सोडायला मी गेलो. गाडी लागल्यावर ती म्हणाली, "तुझा हात चांगला आहे रे. माझा नुसता स्थिर होता."

पुन्हा

काच आल्यावर मी उ-४ पुन्हा केलं. दोन आला.

पुन्हा

रसायन जुनं झालं असेल म्हणून नवं मागवलं. काही नाही.

पुन्हा

लोखंडाचा क्षार बदलला. मीठ नव्यानं बनवलं, नव्यानं सुकवलं. काही नाही. जानेवारी आला. समोरच्या स्टुलावर मी पिशवी ठेवायला लागलो होतो, मग पुस्तकं, मग वाळत घातलेला रुमाल. मीच भरायचो, मीच मोजायचो. ब्लॉक फिरवायचा प्रश्न नव्हता. भरणारा आणि जेवणारा एकाच बाजूला.

पुन्हा

एक.

पुन्हा

मार्चमध्ये सरांनी मला खोलीत बोलावलं. सर तेव्हा निवृत्तीला आले होते, त्यांच्या टेबलावर कागदांपेक्षा औषधं जास्त होती.

"एकदाच आलं ते परत का येत नाही?"

"कळत नाही सर. सगळं तसंच करतोय."

"सगळं तसंच कसं? तो ब्लॉक भरला कुणी होता?"

"प्रमिलानं."

"मग हात बदलला की." सरांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढं सरकवली. "ती काहीतरी वेगळं करत असणार, आणि ते तिलाही माहीत नसणार. तिची वही काढ. कसं भरलं, किती वेळानं भरलं, सगळं वाच. त्या पोरीची वही म्हणजे आरसा असतो."

आकृती

तिच्या वहीतलं ते पान. तारीख, गौरी-गणपतीच्या आदल्या दिवसाची. वर ब्लॉकचं चित्र, पट्टीनं आखलेलं, चोवीस गोल, प्रत्येकात बारीक अक्षरात मिठाचं नाव. खाली वेळा.

१०.४५ सुरुवात. ११.१० ए पूर्ण.

११.३५ बी पूर्ण. प्र-९ दाट आहे, हळू सोडले.

१२.२० सी, डी पूर्ण. उ-४ चा एक थेंब जादा वाटला, काढून घेतला.

१२.५० झाकण लावले. तो खाली प्रॅक्टिकलला आहे. ब्लॉक त्याच्याकडे फिरवून ठेवला. ४.५० ला उघडायचा.

मी ते वाक्य वाचलं आणि पुढच्या पानावर गेलो. पुढचं पान कोरं होतं. परत मागं आलो.

ब्लॉक त्याच्याकडे फिरवून ठेवला.

सरांच्या खोलीत पंखा चालू होता, वहीची पानं फडफडत होती, मी पानावर तळहात ठेवला होता. मग पेन घेऊन माझ्या डाव्या तळहातावरच चार ओळी काढल्या, दर ओळीत सहा ठिपके. हात अर्धा वळसा फिरवला. शेवटची ओळ पहिली झाली, पहिला ठिपका शेवटचा झाला. सी-चारच्या जागी बी-तीन आला.

बी-तीन. प्र-९.

निरीक्षणे, दुसऱ्यांदा

प्र-९ ची बाटली तिनं जाताना घट्ट बूच लावून फडताळात मागं ठेवली होती. अर्धी होती. मी त्यातलं थोडं एकाच हौदात भरलं, बाकीचे तेवीस रिकामे सोडले. मग चार तास समोर बसून राहिलो. मामा दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अंडी उबवताय काय?"

काच धुतली. मधोमध एकच गोल होता, मोराच्या मानेसारखा.

एकशे सत्तेचाळीस.

मी तो आकडा वहीत लिहिला आणि सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे तिनं फिरवून ठेवला होता."

"हो."

"आणि तू परत फिरवलास."

"हो."

"मुदतवाढ आता बदलत नाही रे. सहा महिने तू खाल्लेस, उरलेलं सरकार दुसऱ्या नावानं देणार नाही." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "पेपरात मिठाचं नाव छापतात. ते कुणी ढवळलं हे कुणी विचारत नाही. तू गप्प राहिलास तर कुणाला कळायचं नाही."

मी उभाच होतो.

"हे मी बोललो नाही असं समज," सर म्हणाले. "म्हाताऱ्याला निवृत्तीआधी एक पेपर हवा असतो, तेव्हा तो असंच बोलतो. पत्र लिहू तिला?"

"मी जातो."

दक्षता

एक कोपरा कापलेला असावा. अक्षरं कोरलेली असावीत, लिहिलेली नकोत. जो भरेल त्यानंच मोजावं.

आज माझ्या प्रयोगशाळेत या तीन ओळी भिंतीवर लावलेल्या आहेत. विद्यार्थी त्यांची टिंगल करतात. कुणाच्या वाढदिवसाला केक आला की आधी त्याचा एक कोपरा कापून बाजूला ठेवतात आणि "सर, आता खुणेला आहे" म्हणतात. मीही हसतो. या ओळी का लावल्या ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

चौथी ओळ मी लावलेली नाही. समोरचा पुन्हा करूया म्हणाला, तर काच काढून द्यावी.

कृती, शेवटची

एप्रिलमध्ये मी कुंभार्ली घाट उतरून लोट्याला गेलो. कारखान्याच्या फाटकावर नाव लिहून घेतलं, अर्धा तास बाकावर बसवलं. गटाराचं पाणी गुलाबी होतं. जेवणाचा भोंगा झाला आणि ती बाहेर आली. निळा कोट, केस टोपीत. बारीक झाली होती.

"गिराम? घाट उतरायला कुणी शिकवलं तुला?"

"तुलाच भेटायला आलोय."

"अर्धा तास आहे. चल, कँटीनला बसू. इथं उन्हात तुझं भरीत होईल."

लांबट हॉल होता, सिमेंटची टेबलं, पन्नासएक माणसं एकदम बोलत होती. आम्ही कोपऱ्यात समोरासमोर बसलो. मी घाटात शंभरदा जुळवलेली वाक्यं विसरलो आणि सरळ सांगितलं, "ते एकशे बेचाळीस माझं नव्हतं. तुझं होतं."

तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"कुठलं?"

"प्र-नऊ."

"प्र-नऊ." तिनं मान हलवली, जणू कुणा ओळखीच्याचं नाव ऐकलं. "ते मी तीन दिवस सुकवलं होतं. बाकीची एकेक दिवस. हे दाट होतं, मला वाटलं आत पाणी धरून असेल. तिसऱ्या दिवशी पंप बंद केला तेव्हा एकदम काचेसारखं झालं होतं." मग विचारलं, "पण मग ते तुझ्या खणात कसं गेलं?"

"तू ब्लॉक फिरवून ठेवला होतास. मी आल्यावर पुन्हा फिरवला."

"का?"

"तू नव्हतीस म्हणून. मला वाटलं, तो तुझ्या बाजूनंच असेल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले होते, बोटांच्या पेरांत निळा रंग बसलेला.

"इथं मी प्रत्येक मोजमाप दोनदा करते," ती म्हणाली. "आमचा सुपरवायझर हसतो. म्हणतो, मॅडम, तुमचा तुमच्याच हातावर भरवसा नाही वाटतं. मी म्हणते, नाही. सात महिने म्हणतेय."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी विनोद केला, सगळे खिदळले.

"मी तेव्हा म्हटलं होतं, पुन्हा करूया," प्रमिला म्हणाली.

"हो."

"काच संपलीय म्हणालास."

मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता. खाली ठेवला.

"खरंच संपली होती?"

हे घाटात जुळवलेलं नव्हतं. मी तिला काय काय सांगायचं ते ठरवून आलो होतो, त्यात हे नव्हतंच. ती वाट बघत होती. आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघावी तशी.

"दोन होत्या," मी म्हणालो. "ड्रॉवरमध्ये."

तिनं एकदाच मान हलवली. लिहून घेतल्यासारखी.

"पेपर लिहितोय," मी घाईघाईनं म्हणालो. "तुझं नाव—"

"पहिलं घाल."

"हो."

"आणि पूर्ण. प्रमिला धोंडू शिगवण. नुसतं पी. डी. नको. माझ्या बाबांना तेवढं वाचता येतं."

"हो. आणि सर म्हणत होते, पुढच्या वर्षी नवा अर्ज करायचा असेल तर ते स्वतः—"

"परवा मला कायम केलं," ती म्हणाली. "कागद आलाय." आनंदाचा किंवा दुःखाचा, कसलाच सूर त्यात नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून ती उठली. "बस. ताट आणते. उपाशी परत पाठवलं तर बाबा मला बोलतील."

मी तिला रांगेत उभी राहिलेली बघत होतो. पुढचा माणूस काहीतरी म्हणाला, ती हसली. तिला इथं ओळखत होते. ती दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन माणसांमधून वाट काढत आली. खण पाडलेली स्टीलची ताटं, दोन्हीत सारखंच वाढलेलं. एक तिनं स्वतःपुढं ठेवलं. दुसरं मधोमध ठेवून माझ्याकडं सरकवलं, तिच्या हातात होतं तसंच.

मी थांबलो. तिचा हात परत येईल असं मला वाटलं. तो तिच्या ताटाकडं गेला, भात कालवायला लागला.

"जेव," ती म्हणाली. "पाच मिनिटं उरलीत."

भात पलीकडच्या कडेला होता, मीठ माझ्या हाताशी. मी ताट फिरवलं नाही. हात लांब करून जेवलो.